दवनीवाड्याचे कार्ड

दिवाळीची शुभेच्छापत्रे आता आमच्या घरी येईनाशी झाली आहेत. मोबाईलवर पणत्यांची चित्रे येतात, आणि आपणही तीच चित्रे पुढच्याला पाठवून मोकळे होतो! परंतु एक कार्ड मात्र गेली एकोणीस वर्षे टपालाने न चुकता येत होते. तळहाताएवढे, जाडसर कागदाचे. वर काळ्या शाईत उठवलेले एखादे चित्र. कधी धानाची पेंढी, कधी पाण्याकाठचा बगळा, कधी नुसतीच सोडून ठेवलेली बैलगाडी. मागे पत्ता असे : दवनीवाडा, जिल्हा गोंदिया.

गेल्या दिवाळीला ते आले नाही.

कार्ड पाठवणारा माझा नागपूरचा खाणावळमित्र. मी एम. ए. करीत होतो आणि तो तिथल्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकत होता. पुढे मी पुण्यात प्राध्यापक झालो. तो आपल्या मुलखात परतून एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. त्याच्या एकोणीस कार्डांना मी एकदाही धड उत्तर लिहिले नव्हते. कार्ड चुकले तेव्हा मात्र मन चरकले.

कार्तिकात एका व्याख्यानाच्या निमित्ताने गोंदियाला जाण्याचा योग आला. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते ती राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन गोंदियाला विसावते. स्टेशनाबाहेर आलो की मराठी आणि हिंदी एकमेकींच्या हातात हात घालून बोलताना ऐकू येतात. मध्येच पोवारीही कानावर पडते. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. आपण पुण्याकडचे लोक ताटातला भात पाहतो. तो कुठून येतो हे इथे कळते. दवनीवाड्याच्या वाटेवर दोन्ही अंगांना बांध घातलेली धानाची शेते होती. इकडे त्यांना बांध्या म्हणतात. काही कापून झाल्या होत्या, काहींत अजून विळे चालले होते. लहानशा तळ्यालाही इकडे ‘बोडी’ असे घरगुती नाव आहे.

मित्र दारातच भेटला. केस पिकलेले, बोटांना शाई. मी काळजीने काय काय बोलणार होतो. त्याने ते ऐकूनच घेतले नाही.

“अरे, मुलांची परीक्षा होती ना बापा! कार्ड अर्धंच राहिलं. चल, दाखवतो.”

घरामागे पूर्वी गोठा होता, तिथे त्याने कामाची खोली केली आहे. एक भक्कम टेबल, भिंतीला टांगलेल्या पटाश्या आणि कोरण्या, दोरीवर वाळत घातलेले दोनचार छाप. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, इथे बसायचं तर कपडे सांभाळा. या घरात शाई नाही अशी एक वस्तू सापडायची नाही.”

टेबलावर शिवणीच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला तुकडा होता. शिवण मऊ, सागापेक्षा हाताला लवकर वश होते. चित्र लाकडावर उलटे काढायचे, म्हणजे कागदावर ते सुलट उमटते. जे पांढरे हवे ते कोरून काढायचे. जे काळे हवे ते राहू द्यायचे. मग रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून चमच्याने सावकाश घासायचे. त्याच्याकडे यंत्र नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरातला एक जुना चमचा आहे. प्रत्येक छाप असा वेगळा घासावा लागतो, आणि त्याखाली पेन्सिलीने कितव्यापैकी कितवा ते लिहायचे.

“आणि चुकून जास्त कोरलं गेलं तर?” मी विचारले.

“तर गेलं. कोरलेलं लाकूड परत बसत नाही.”

समोरच्या भिंतीवर पुस्तकांतून कापलेली काही चित्रे होती. दांडीयात्रेच्या वर्षी, १९३० साली, नंदलाल बोसांनी लिनोलियमवर कोरलेले काठी टेकीत निघालेले गांधीजी मी ओळखले. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली बालपाठासाठीही नंदलालबाबूंनी चित्रे करून दिली होती. शेजारी हरेन दास यांचे खेड्यातले दृश्य होते, आणि तेभागा आंदोलनातले शेतकरी कोरणाऱ्या सोमनाथ होरांचे एक चित्र.

“हे तिघंही मास्तरच,” मित्र म्हणाला. “नंदलालबाबू शांतिनिकेतनच्या कलाभवनात, सोमनाथबाबूही पुढे तिथेच, आणि हरेनबाबू कलकत्त्याच्या सरकारी कला महाविद्यालयात. शिकवणं सोडून कोणी चित्रकार झालं नाही.”

मी म्हणालो, “पण त्यांचे विद्यार्थी चित्रकार व्हायलाच आलेले होते. तुझे विद्यार्थी सातवी-आठवीतले. तुझ्याकडे पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुले!”

तो काही बोलला नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक चौकट त्याने उचलली आणि माझ्यासमोर धरली. रोवणीचे चित्र होते. वाकलेल्या बायांची रांग, गुडघाभर चिखल, आणि पाण्यात उलटे पडलेले आभाळ. इतके सुंदर काम मी त्याच्या हातचे कधी पाहिले नव्हते.

“बारा वर्षं झाली,” तो सांगू लागला. “प्रदर्शनाला पाठवायचं होतं. महिनाभर मी दुसरं काही पाहिलंच नाही. शाळेतही डोक्यात हेच. त्याच महिन्यात एलिमेंटरीचे फॉर्म भरायचे होते. एका पोराचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात राहून गेला. बापाने मजुरीतून फी दिली होती. मी ती घरून परत केली. पण तारीख कुठून परत करू? चित्र प्रदर्शनात लागलं. पोरगा पुढच्या साली परीक्षेला बसला नाही. त्याचा हात माझ्याहून चांगला होता रे.”

“मग हे विकलेस का नाही?”

“एकही प्रत विकली नाही. काहून विकू?”

तेव्हापासूनचा त्याचा नेम असा. पहाटे पाच ते सात लाकूड. त्यानंतर दिवसभर शाळा. खोलीचे दार एकदा लावले की दुसऱ्या पहाटेपर्यंत उघडायचे नाही. परीक्षेच्या दिवसांत पहाटेचे दोन तासही मुलांचे. मोठे चित्र पुरे व्हायला वर्ष लागते. लागू दे, म्हणतो. सहा मुले गेल्या खेपेस परीक्षेला बसली होती; त्या सहांच्या पायी माझे कार्ड राहिले होते.

“शिकवणं आणि कोरणं यांचं भांडण नाही,” तो म्हणाला. “मी एकाचा वेळ चोरून दुसऱ्याला दिला, तेव्हा भांडण लागलं.”

निघताना बसच्या थांब्यावर त्याने सहज विचारले, “तुझ्या कादंबरीचं काय झालं? खाणावळीत पहिलं प्रकरण वाचून दाखवलं होतंस.”

माझ्या ओठांवर उत्तर तयारच होते. गेली पंधरा वर्षे मी ते सर्वांना देत आलो आहे : पेपर तपासणे, समित्या, बैठका, वेळच मिळत नाही! पण त्याच्या शाईच्या बोटांकडे पाहून ते बाहेर पडेना. माझे विद्यार्थी माझा वेळ खातात असे मी म्हणत आलो. खरे सांगायचे तर कादंबरीला वेळ नाही म्हणून मी कुरकुरलो, आणि कुरकुरत शिकवले म्हणून विद्यार्थ्यांनाही पुरता मिळालो नाही. दोन्हीकडे उसनवारी!

बस आली. “बघू,” एवढेच मी म्हणालो.

परतीच्या गाडीत रात्रभर झोप लागली नाही. पुण्याला आल्यावर कपाटाच्या तळाशी ती वही सापडली. पहिले प्रकरण वाचले, बरे नव्हते. ते बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. हल्ली पहाटे पाचला उठतो. आमच्या घरी याची थट्टा होते ती होऊ दे. पाने किती झाली, हे मात्र वाचकांनी विचारू नये.

दवनीवाड्याचे ते राहिलेले कार्ड माघात आले. चित्रात सहा मुले एका बाकावर दाटीवाटीने बसून काहीतरी काढीत आहेत. खाली पेन्सिलीने लिहिले आहे : ‘उशिराबद्दल क्षमस्व.’ या खेपेस मी त्याला चार पानी पत्र लिहिले.