वाचनाचा नंबर

मुलांनो, वर्गात उभे राहून धडा वाचायचा तुमचा नंबर किती दिवसांनी येतो? "रोज!" म्हणून ओरडणारे कोण, ते मला ठाऊक आहे. ते पुढच्या रांगेतले. मला विचारायचे आहे ते मागे भिंतीला टेकून बसणाऱ्यांना.

आधी एक हिशेब करू. भाषेचा तास ३५ मिनिटांचा. हजेरी, पुस्तके काढणे, "गुरुजी, यानं माझी पेन्सिल घेतली", यात पाच मिनिटे गेली. गुरुजींनी धडा स्वतः वाचून दाखवला, अवघड शब्द फळ्यावर लिहिले, त्यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. दहाच धरू. राहिली वीस. वर्गात चाळीस मुले असली तर प्रत्येकाच्या वाटणीला अर्धे मिनिट. अक्षराला अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाचे तेवढ्यात दहा शब्दही होत नाहीत, तोच "बस खाली, पुढचा!" बरे, रोज पाचच मुलांचे वाचन घ्यायचे ठरवले, तर प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात, पण नंबर येतो आठ दिवसांनी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला निदान २०० दिवस भरावी असे आहे. कसेही वाटा, त्या २०० दिवसांत एका मुलाच्या पदरात १०० मिनिटे पडतात. एक तास चाळीस मिनिटे. सिनेमासुद्धा यापेक्षा मोठा असतो! त्याच कायद्याप्रमाणे एका शिक्षकामागे ३० मुले धरली, तर ही मिनिटे १३३ होतात. त्यातून निवडणूक आली, जनगणना आली, की गुरुजी तिकडे.

आणि अपेक्षा किती? २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात म्हटले आहे की, तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द, अर्थ समजून वाचावेत. अपेक्षा वाईट नाही. पण ती १०० मिनिटांत कशी बसवायची?

म्हणून एक सोपी वाट सगळीकडे सापडते. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे. शाळा कशी दणाणून जाते! रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, काय छान शिकताहेत मुले.

मी १९७९ साली पहिलीत बसलो तो भाईंदरच्या पश्चिमेला, राई-मुर्धे-मोर्वा या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत. तेव्हा तिकडे ग्रामपंचायतीचा कारभार होता. नगरपालिका १९८५ साली आली आणि महानगरपालिका २००२ साली. एकीकडे भातशेती, दुसरीकडे मिठागरे, आणि वर्गात बसायला पट्टी. बाईंकडे पहिली आणि दुसरी एकत्र. एका वर्गाला शिकवायचे तर दुसऱ्याला काहीतरी म्हणायला लावणे भागच होते. माझ्या शेजारी बसणारा एक मित्र (त्याचे नाव इथे नको, आता तो आजोबा झाला आहे) सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. मान हलवत, बोट फिरवत, सगळा धडा. एके दिवशी बाईंनी त्याला जवळ बसवले, तेव्हा कळले की तोंडात एक धडा चालला आहे आणि बोट दुसऱ्याच पानावर आहे. त्याला एकही ओळ वाचता येत नव्हती. पाठ मात्र सगळे होते.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी काय केले, ते मला त्या वेळी पटले नव्हते. शाळा भरायच्या आधी ओट्यावर त्या रोज तीन-चार मुलांना घेऊन बसू लागल्या, आणि त्यात माझा मित्र रोज असायचा! आम्हा चांगले वाचणाऱ्यांचा नंबर पंधरा-पंधरा दिवस लागत नसे. आम्ही कुरकुर केली. बाई म्हणाल्या, "तुला भूक लागलीय का? त्याला लागलीय." मग आम्हाला त्यांनी कामाला लावले. दुसरीतल्याने पहिलीतल्याचे वाचन ऐकायचे, चुकला तर लगेच सांगायचे नाही, मनात पाच अंक मोजायचे, मगच सांगायचे. पाच अंक मोजणे फार कठीण असते, बरे का. करून पाहा.

आता मी स्वतः खाडीच्या पलीकडे, वसई तालुक्यात, या शाळेत शिकवतो आणि मला बाईंचे म्हणणे पटले आहे. सगळ्यांना सारखा नंबर देणे दिसायला न्यायाचे, पण ज्याचे वाचन अडते त्याला तो जास्त वेळा मिळाला पाहिजे. होते मात्र उलटे. हात वर करतो तो हुशार मुलगा, पाहुणे आले की उभा राहतो तोही तोच.

वाचताना किती अडवावे, हाही एक प्रश्न आहे. आमच्याकडे घरोघर आगरी बोली. पुस्तकात 'डोळा' असे, आम्ही वाचत असू 'डोला'; 'पाणी'चे 'पानी'. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. बाई मध्येच थांबवत नसत. मुलाने अक्षर ओळखले, शब्द कळला, मग जिभेचे काम नंतर. मला हे बरोबर वाटते. दर शब्दाला टोकले की मूल पुस्तकाकडे न बघता गुरुजींच्या तोंडाकडे बघू लागते. आज मीरा-भाईंदर पुष्कळ बदलले आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली होती, आणि घरी हिंदी, गुजराती, मारवाडी बोलणारे मूलही मराठी पुस्तक हातात घेते. त्याला तर वाचून ऐकवायला घरी कोणी नसतेच. त्याचा नंबर शाळेतच लागायचा.

एकेका मुलाजवळ बसल्याशिवाय वाचन कळत नाही, हे 'असर'च्या पाहणीतही दिसते. २००५ पासून ही पाहणी देशातल्या खेड्यापाड्यांत होत आली आहे. (शहरे त्यात नसतात, म्हणून मीरा-भाईंदरही नाही.) पाहणारा माणूस घरी जातो, एका मुलापुढे अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतो आणि म्हणतो, वाच. तिसरीतल्या १०० मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०१८ साली देशात साधारण २७ होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२२ साली हा आकडा २० वर आला, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ झाला. म्हणजे जिथे होतो तिथे आलो. बाकीची ७३ मुलेही वर्गात सुरात म्हणत असतीलच.

एका जातीच्या मुलांचा नंबर तर लागतच नाही. जात म्हणजे तुम्ही समजता ती नव्हे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर मिठागरावर, वीटभट्टीवर जाणारी मुले. आगरात पाणी घेतले, मीठ धरू लागले, की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती घरी येत नाहीत. इकडच्या हजेरीपटावर नाव असते, तिकडच्या शाळेत ओळख नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच ओळखले होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे चारायला गेली तर कुरणात न्यायची. ती कुरणशाळा. मिठागराच्या बांधावर रोज पुस्तक घेऊन जाणे मला जमेलच असे नाही, पण परत आलेल्या मुलाचा नंबर जूनमध्ये सर्वांत आधी लावणे जमते.

पालकांनो, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही मुलाचे वाचन ऐकावे. चूक काढायची नाही, फक्त "मग पुढं काय झालं?" एवढे विचारायचे. मासळी निवडता निवडताही विचारता येते.

या भित्तिपत्रकाच्या उजव्या हाताला एक तक्ता लावला आहे. सगळ्यांची नावे आहेत. ज्या दिवशी माझ्याजवळ बसून वाचाल, त्या दिवशी नावापुढे टिंब. टिंबे कोणी मोजायची नाहीत, पैज तर मुळीच लावायची नाही. कुणाच्या नावापुढे आठ दिवस कोरे दिसले, तर चौथीच्या मुलांनी मला येऊन सांगावे. सकाळी प्रार्थनेच्या आधी मी ओट्यावर असतो.