मायनस आठचा चष्मा

फॉर्मवर प्रश्न होता, 'डोळ्यांची पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे का?' मी बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. खोटं बोलायचं नव्हतं. २००१ साली मुंबईत लेसर करून घेतलं होतं, पण ते माझ्या लेखी ऑपरेशन नव्हतंच. सकाळी गेले, दुपारी गॉगल लावून टॅक्सीने घरी आले आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच भिंतीवरचं घड्याळ वाचलं.

त्याआधी नंबर मायनस आठ. सोडावॉटरच्या बाटलीचं बूड नाकावर घेऊन मी शाळा, कॉलेज आणि लग्न पार पाडलं होतं. लेसरनंतरची वीसेक वर्षं चैनीत गेली; मध्ये चाळिशी लागली तेवढीच. काम मुद्रितशोधनाचं, त्यामुळे डोळ्यांची कुरकुर लगेच कळते. पण या वेळी उलटंच झालं. चाळिशीशिवाय प्रुफं वाचता येऊ लागली! मी खूश. मग बसची पाटी दिसेना, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला पिसारा फुटू लागला. 'लेसर उतरलं' असं मीच ठरवून टाकलं. सहा महिन्यांत दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. दुसऱ्या खेपेला दुकानदारच म्हणाला, "ताई, काच बदलून भागणार नाही. मोतीबिंदू आहे का बघून घ्या."

होता. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की प्रकाश जास्त वळतो, मायनस नंबर वाढतो आणि जवळचं काही काळ उगाचच छान दिसतं. लेसरचा यात काही दोष नाही. ते बाहेरच्या पारदर्शक पटलावर होतं, मोतीबिंदू आतल्या भिंगात.

मोजमापं घेणाऱ्या मुलीने माझा डोळा यंत्रापुढे तीनदा ठेवला आणि कागद घेऊन आत गेली. डॉक्टर बाहेर आल्या त्या कागद हातात धरूनच. "डोळ्याची लांबी साडेसव्वीस मिलिमीटर, आणि पटल इतकं सपाट? लेसर केलंय ना तुम्ही?" मी चोरी पकडल्यासारखी हो म्हटलं.

मग त्यांनी टिश्यू पेपरवर चित्र काढून दाखवलं. मोतीबिंदू काढून आत बसवायच्या भिंगाचा नंबर आधी गणिताने काढावा लागतो. त्याला दोन मुख्य गोष्टी लागतात, डोळ्याची लांबी आणि पटलाची वक्रता. नेहमीचं यंत्र पटलाची पुढची बाजू मोजतं आणि मागची बाजू ठरलेल्या प्रमाणात धरून चालतं. लेसरने माझी पुढची बाजू तासून सपाट केलेली, मागची होती तशीच. प्रमाण बिघडलं. यंत्राला पटल खऱ्यापेक्षा ताकदवान वाटतं, गणित कमी ताकदीचं भिंग सुचवतं आणि पेशंट प्लस नंबर घेऊन घरी जातो. त्याला ना लांबचं धड दिसत, ना जवळचं. यावर बॅरेट ट्रू-के, हैगिस-एल अशी खास सूत्रं निघाली आहेत, तरी नेम थोडा चुकू शकतो.

"लेसरआधीची फाइल आणा," त्या म्हणाल्या.

फाइल डोंबिवलीचं घर सोडताना रद्दीत गेली होती. किलोच्या भावाने! जिथे लेसर केलं ते केंद्रही आता राहिलेलं नाही. रात्री साताऱ्याला आईला फोन केला, नुसतं रडगाणं गायला. आईचा मोतीबिंदू दहा वर्षांपूर्वी झाला, कुणी तिला काही विचारलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझा तो जाड चष्मा आहे माझ्याकडे. फराळाच्या जुन्या डब्यात, बटणांबरोबर." आमच्या घरात काही टाकून न देण्यावरून मी आयुष्यभर तिच्याशी भांडले आहे.

चष्मा कुरिअरने आला. एक दांडी मोडलेली. दुकानदाराने लेन्सोमीटरखाली धरला: उजवा मायनस आठ, डावा मायनस साडेसात. लेसरनंतर नंबर शून्य झाला होता हे मला पक्कं आठवत होतं. म्हणजे लेसरने किती नंबर उतरवला ते कळलं, आणि ते सूत्रात घालता आलं. पटलाचे जुने आकडे काही मिळाले नाहीत.

समुपदेशक बाईंनी चष्मा पूर्ण जाईल असं महागडं मल्टिफोकल भिंग पुढे केलं. डॉक्टरांनीच नको म्हटलं. लेसर झालेल्या पटलातून आधीच प्रतिमा किंचित मऊ येते, त्यात मल्टिफोकल प्रकाशाच्या वाटण्या करतं. मी साधं मोनोफोकल घेतलं. पैसे वाचले म्हणून नवरा जास्त खूश.

आधी डावा डोळा. भुलीचे थेंब, तीन दिवे, यंत्राचा चढता-उतरता सूर. पाव तासात झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मी प्रुफं धरून एकेक डोळा झाकला. डाव्याला कागद पांढरा, उजव्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं पान. दोन वर्षं मी पिवळ्या कागदावर काम करत होते!

महिन्याने नंबर स्थिरावला: प्लस पाऊण. काळजी घेऊनही थोडा पुढे गेलाच. माझा चेहरा बघून डॉक्टरांनी हॅरोल्ड रिडले यांची गोष्ट सांगितली. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेव्हा त्या बाईचा नंबर मायनस अठराच्या आसपास निघाला होता. पाऊण नंबरासाठी तोंड पाडण्यात अर्थ नव्हता.

डाव्याची चूक उजव्याच्या कामी आली. त्या हिशेबाने उजव्याला जरा जास्त ताकदीचं भिंग घेतलं, आणि तो ठरवल्याप्रमाणे मायनस पाऊणवर थांबला. आता डावा रस्ता बघतो, उजवा संगणक. प्रुफांना चाळिशी पुन्हा लागली आहे.

लेसर केलेल्यांनी आपले कागद शोधून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. लेसरआधीचा नंबर, पटलाची वक्रता आणि नंतर स्थिरावलेला नंबर, एवढं पुरे. कागद गेले असतील तर जुना चष्मा भंगारात देऊ नका. आणि फॉर्मवर 'हो' लिहा.