तुमचे गणपती आधी आले

ती. अण्णाकाका,

२०२३ साली तुम्ही हवे होतात. २० ऑगस्टला तुमच्याकडचे गणपती बसले, आमचे १९ सप्टेंबरला. दाते पंचांगात श्रावण अधिक, टिळक पंचांगात नाही. शेजारच्या पोरांना कोडं पडलं, तर काकू म्हणाल्या, "बाप्पा एकच रे, भाऊ दोन." तुमचंच ना हे?

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. दरसाल अकरा दिवसांची तूट, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. आणि तो कुठला, तर ज्यात सूर्य रास बदलत नाही तो. ओटीवर सुपारीची खांडं मांडून हे तुम्ही मला शिकवलंत. बाबाही मान डोलवायचे. भांडण त्यापुढचं. रास मोजायची कुठून? दाते चित्रेच्या बरोबर समोरून मोजतात. तुम्ही केरूनाना छत्र्यांचे आणि लोकमान्यांचे, रेवतीतल्या ताऱ्यापासून मोजणारे. फरक चारेक अंशांचा. तेवढ्यानं तुमची संक्रांत १० जानेवारीला आणि एखाद्या वर्षी अख्खा महिना इकडचा तिकडे.

बरं, चित्रा कुणालाही दिसते. तुमचा तो तारा पाचव्या प्रतीचा! कार्तिकात जेवणं उरकली की खळ्यात माना मोडेपर्यंत शोधायला लावायचात. दिसला म्हणालो होतो मी. तुमचा विश्वास बसला होता का?

एक मात्र अजून सलतं. मागे अशाच एका वर्षी आमच्या गणपतीला आलात आणि मोदक पानातच ठेवलात. तुमचं नवरात्र चालू होतं, उपास होता, सगळं मान्य. पण काका, आई पहाटेपासून उकड काढत होती हो. आणि संक्रांतीचं म्हणाल, तर खरं उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारासच लागतं, हे अंगणात काठी रोवून, दुपारची सावली मोजून कुणी दाखवलं मला? अयनबिंदू ७२ वर्षांत अंशभर सरकतो म्हणे. म्हणजे दहा काय नि चौदा काय, दोघांचीही संक्रांत उशिराच. हे विचारलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात.

तुम्ही गेल्यापासून बाबा १० जानेवारीला तिळगुळाचा डबा उघडतात. पंचांग अजून दातेच. विचारलं तर म्हणतात, "चव बघतोय."