माश्यांची खानेसुमारी

श्रावणातली सकाळ होती. लोणावळ्याच्या डोंगरावर रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच उघडला होता. कड्यांवरून पांढरे ओहळ उतरत होते, भातखाचरे काठोकाठ भरली होती आणि झऱ्याकाठच्या ओल्या दगडांवर कोवळे ऊन पसरले होते. त्या दगडांशी एक प्रौढ अभ्यासक हातात पातळ कापडाची जाळी घेऊन कितीतरी वेळ स्तब्ध उभे होते. मध्येच त्यांचा हात झटकन फिरे, जाळीचे तोंड मुडपले जाई आणि काचेच्या कुपीत काहीतरी चिमुकले अलगद उतरे.

बांधावर म्हशी राखणारा एक मुलगा हे सारे पाहत होता. अखेर त्याला राहवेना.

"काका, फुलपाखरं धरताय का?"

"नाही रे बाळ, माश्या धरतोय."

मुलगा खुदकन हसला. "माश्या? मग आमच्या गोठ्यात या की. लागतील तेवढ्या न्या!"

"येईन की. पण माश्या किती प्रकारच्या असतात, ते सांगशील का मला?"

मुलगा बोटे मोडू लागला. "घरातली माशी, गोमाशी, मधमाशी, गांधीलमाशी..." आणि तो अडखळला.

चार नावे झाली. पण त्यांतल्या दोन माश्या नव्हतच. अभ्यासकांनी कुपी उन्हात धरली आणि आतल्या कीटकाचे पंख मोजायला सांगितले. मुलाने डोळे बारीक करून पाहिले. पंख दोनच होते. मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार पंख असतात. खऱ्या माशीला मात्र दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी तिला टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक गोळे असतात. उडताना ते सारखे थरथरतात आणि तिचा तोल सांभाळतात. म्हणून त्यांना संतोलक म्हणतात. या खुणेवरून शास्त्रज्ञांनी या कीटकांच्या गणाला 'द्विपंखी' असे नाव दिले. नावात 'माशी' असूनही मधमाशी या गणाबाहेर राहते आणि नावात 'माशी' नसूनही डास व चिलट यांना त्यात जागा मिळते. द्विपंखी कीटकांच्या दीड लाखाहून अधिक जाती जगात आजवर नोंदल्या गेल्या आहेत. एकट्या भारतातल्या नोंदी सहा हजारांच्या पुढे गेल्या आहेत.

"पण काका, एवढ्या माश्या मोजून करायचं काय?" मुलाने विचारले.

प्रश्न साधा होता, पण रास्त होता. अभ्यासकांनी त्याचे उत्तर लगेच दिले नाही. "आधी तुझा गोठा तर दाखव," असे म्हणून ते त्याच्यामागून चालू लागले.

गोठ्यात मुलाचे आजोबा विळ्याला धार लावत बसले होते. पाहुणे आत येतात न येतात तोच पावसाची नवी सर आली. अभ्यासकांनी घोंगडीवर बसून पिशवीतून कागदाच्या बारीक चिठ्ठ्या काढल्या आणि एकेका कुपीसाठी टोकदार लेखणीने ते लिहू लागले : भारत, महाराष्ट्र, जिल्हा पुणे, तालुका मावळ, मग लोणावळ्यापासूनचे अंतर व दिशा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झऱ्याचा काठ, तारीख आणि अखेरीस पकडणाऱ्याचे नाव.

"एवढ्याशा माशीला एवढा मोठा पत्ता?" आजोबांनी हसून विचारले.

"पत्त्यावाचून ही माशी मुकी आहे, बाबा," अभ्यासक म्हणाले.

त्यांचे म्हणणे खरे होते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी परदेशी विद्वानांनी भारतातल्या अनेक माश्यांची वर्णने लिहिली. त्यांतल्या कित्येकींच्या गावाच्या जागी नुसते 'पूर्वेकडील भारत' एवढेच लिहिलेले आढळते. एवढ्या विस्तीर्ण देशात ती माशी पुन्हा शोधावी तरी कोठे? मावळचेच पाहा. लोणावळे सुमारे ६२० मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी माथ्याशी आहे. तेथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगाव असे उतरत गेले, की तासाभराच्या वाटेत पाऊस कितीतरी कमी होतो आणि झाडोरा पालटतो. मग माश्याही पालटल्या तर नवल काय! अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी शेजारची खरी; पण अभ्यासकाच्या चिठ्ठीवर त्यांची गल्लत चालत नाही.

अशी चिठ्ठी लावलेली माशी पुढे मोठ्या प्रवासाला निघते. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकलगाडी वाटेत आकुर्डीला थांबते. १९५९ साली पुण्यात स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आज आकुर्डीला आहे. अशा केंद्रांत माशीला बारीक टाचणीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची तपासणी करतात. पंखांवरच्या शिरा कशा फुटल्या आहेत, पाठीवर राठ केस किती आहेत, शृंगिकांचा आकार कसा आहे, हे एकेक करून पाहिले जाते. कधी ओळख एका दिवसात पटते, तर कधी त्यासाठी महिनेच्या महिने जातात. ओळख पूर्ण पटेपर्यंत नाव लिहायचे नाही, हा या कामातला पहिला नियम आहे. नाव लिहिल्यावरही ती माशी फेकून देत नाहीत. संग्रहात जपून ठेवतात. उद्या कोणी शंका घेतली, तर साक्षीला तीच उभी राहते.

देशभरच्या माश्यांची अशी यादी कोणा एकाने एका बैठकीत केलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात एन्रिको ब्रुनेत्ती नावाचे एक गृहस्थ राहत असत. ते पोटासाठी संगीताचा व्यवसाय करीत आणि उरलेला वेळ तेथील इंडियन म्युझियममध्ये माश्या न्याहाळण्यात घालवीत. भारतातल्या द्विपंखी कीटकांवरचे त्यांचे तीन ग्रंथ १९१२, १९२० आणि १९२३ या साली प्रसिद्ध झाले. दरम्यान, १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची स्थापना झाली आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहण्याची सोय झाली. १९७०च्या दशकात वैद्य आणि गोडबोले या संशोधकांनी पुणे व आसपासच्या भागातल्या, पिकल्या फळांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटांचा पद्धतशीर अभ्यास केला. २०१२ साली महाराष्ट्रातील प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ या संस्थेने दोन भागांत प्रसिद्ध केला. २०२१ साली धृती बॅनर्जी या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषयही माश्या हाच आहे. आणि ३० जून २०२४ रोजी भारतातल्या साऱ्या ज्ञात प्राण्यांची यादी सर्वांसाठी खुली झाली. तीत १,०४,५६१ जातींची नोंद होती. एक लाखाच्या त्या मेळ्यात माश्यांनाही आपापली जागा मिळाली.

"म्हणजे झालं की काम पुरं!" मुलगा म्हणाला.

"पुरं कुठलं? यादी छापून होते, त्याच दिवशी ती जुनी व्हायला लागते," अभ्यासक म्हणाले आणि त्यांनी काही उदाहरणे सांगितली.

भातावर गादमाशी नावाची एक डासाएवढी माशी पडते. तिची अळी रोपाच्या गाभ्यात शिरली, की पोंगा चांदीसारखा पांढुरका आणि पोकळ होतो. त्याला लोंबी येत नाही. विदर्भातल्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. या माशीला १८८९ साली 'सेसिडोमिया ओरायझी' असे शास्त्रीय नाव मिळाले. पुढे अधिक अभ्यास झाला, तेव्हा तिची प्रजाती दुसरी निघाली आणि ती 'पॅकिडिप्लोसिस' झाली. आणखी पुढे 'ऑर्सिओलिया' झाली. माशी तीच, रोग तोच. पण नुसते नवे नाव माहीत असलेल्या माणसाला जुन्या ग्रंथांतले तिच्यावरचे सारे ज्ञान सापडणारच नाही. म्हणून चांगल्या यादीत नव्या नावाखाली जुनी नावेही जपून लिहिलेली असतात.

कधी याच्या उलट घडते. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणाऱ्या एका डासाचे नाव 'ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस' असे आहे. दीर्घकाळ तो एकच समजला जाई. पुढे कळले, की या एका नावाखाली हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या पाच निरनिराळ्या जाती आहेत आणि हिवताप पसरवण्यात त्या सगळ्या सारख्या नाहीत. आणि कधी दोन नावांच्या दोन माश्या एकच ठरतात. ब्रुनेत्तींनी नव्या म्हणून वर्णिलेल्या काही माश्यांना इतरांनी आधीच नाव दिले होते, असे नंतर आढळले. अशा वेळी जे नाव आधी दिलेले, तेच सहसा टिकते. ब्रुनेत्तींचा मान त्यामुळे कमी झाला नाही. त्यांनी माश्या जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच तर चूक सापडू शकली.

आजोबा धार लावायचे थांबून ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "साहेब, हा तर माश्यांचा सातबाराच झाला! नाव बदललं, वाटणी झाली, दोन तुकडे एक झाले, की तलाठ्याकडं फेरफार होतो. जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. आमच्या थोरल्या आज्याचं नाव अजून आहे बघा कंसात."

"मला इतकी वर्षं हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं, बाबा," अभ्यासक मनापासून म्हणाले.

मग ते मुलाकडे वळले. त्याचा प्रश्न त्यांच्या लक्षात होता. १९०१ साली, वऱ्हाडातल्या एलिचपूर गावी, म्हणजे आजच्या अचलपुरात सापडलेल्या एका डासाचे वर्णन लिस्टन नावाच्या डॉक्टरांनी केले आणि 'ॲनोफिलीस स्टीफेन्सी' या नावाने त्याची नोंद झाली. हा शहरात हिवताप पसरवणारा डास. तो घराघरांतल्या पाण्याच्या टाक्यांतही वाढतो. २०१२ साली समुद्रापलीकडे आफ्रिकेतल्या जिबूती देशात एक अनोळखी डास आढळला. तपासणाऱ्यांनी नोंदी पडताळल्या आणि तो हाच, अशी ओळख पटवली. तो कोठे वाढतो, काय करतो, हे शंभर वर्षांच्या नोंदींमुळे आधीच ठाऊक होते. नाव नसते, तर शत्रू दारात उभा असूनही तो कोण, हे कोणाला सांगता आले नसते.

"आणि सगळ्याच माश्या काही शत्रू नसतात," ते पुढे म्हणाले. "आंब्याच्या मोहरावर घोंघावणाऱ्या माश्या परागण करतात, त्यांच्यावाचून कैऱ्या कमी धरतील. कोण आपल्या उपयोगी आणि कोण उपद्रवी, हे ठरवायच्या आधी कोण कोण आहे, ते तर कळायला हवं."

सर ओसरली. दूरवरून गाडीचा आवाज आला. आजोबा दाराशी येऊन डोंगराकडे पाहत उभे राहिले.

"झऱ्याच्या वरलं रान औंदा विकलं गेलं," ते हळूच म्हणाले. "त्याचाही फेरफार झाला. उद्या तिथं बंगले होतील, झरा वळवतील, नाहीतर बुजवतीलही. जमिनीला उतारा आहे, साहेब. पण त्या दगडांवरच्या जिवांचा उतारा कुणाकडं आहे?"

अभ्यासकांनी पेटी उघडून कुप्यांची रांग दाखवली. प्रत्येकीत एक चिठ्ठी होती.

"सध्या एवढाच आहे," ते म्हणाले. "याने झरा वाचेल, असं मी म्हणणार नाही. पण इथं कोण राहत होतं, हे कोणी विचारलं, तर खोटं सांगता येणार नाही कोणाला."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने आत जाऊन शाळेची वही आणली, मागचे पान उघडले आणि आधी तारीख घातली. त्याखाली गावाचे नाव लिहिले. मग म्हशीच्या पाठीवर बसलेल्या एका माशीकडे तो वाकून पाहू लागला.

"काका, हिचं नाव काय लिहू?"

"ठाऊक नसेल, तर नाव लिहू नकोस. पंख किती ते लिही, कुठं बसली होती ते लिही. नावासाठी जागा मोकळी ठेव."

मुलाने तसेच केले. गाडीची वेळ झाली म्हणून अभ्यासक उठले. बांधावरून जाताना त्यांनी वळून पाहिले, तेव्हा मुलगा वही घेऊन झऱ्याच्या दिशेने निघाला होता.