नाकांची टेकडी

"काका, तिकडे बघण्यासारखं काही नाही," असं आमचा टूर मॅनेजर म्हणाला होता. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. मला राग येतो तो याचाच. वर्षानुवर्षं क्योतोत माणसं घेऊन जाणारा मुलगा. कुठल्या दुकानात टॅक्स फ्री मिळतं, कुठल्या देवळाबाहेर स्वच्छतागृह आहे, जैन जेवण कोण देतं, सगळं त्याला तोंडपाठ. आणि हॉटेलपासून चालत अर्ध्या तासाच्या आत असलेल्या त्या जागेचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं.

पुण्याहून निघालेली ग्रुप टूर म्हणजे कशी असते ते वेगळं सांगायला नको. टोकियो, फुजी, हिरोशिमा, मग क्योतो. सोन्याचा मुलामा दिलेलं देऊळ, हजारो लाल कमानी, फोटो, बसमध्ये चला. माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली. बिवा सरोवराचं पाणी डोंगर पोखरून क्योतोत आणणारा कालवा १८९० मध्ये पुरा झाला. त्याचा एक फाटा नान्झेन्जी देवळाच्या आवारातून विटांच्या कमानींवरून वाहतो. तो बघायचा एवढ्याचसाठी मी या टूरचे पैसे भरले होते म्हटलं तरी चालेल. बस त्या भागातून गेली, थांबली मात्र माचा आइस्क्रीमच्या दुकानापाशी. असो.

शेवटच्या दुपारी शॉपिंग होतं. हिला म्हटलं, तू जा, मी पाय मोकळे करून येतो. हॉटेलच्या काउंटरवरचा कागदी नकाशा घेतला आणि शिचिजो रस्त्याने सरळ पूर्वेला निघालो. क्योतोत चुकायची भीती नसते. ७९४ मध्ये राजधानी वसवताना रस्ते उभे-आडवे आखले, ती चौकट अजून शाबूत आहे. १९४५ मध्ये अणुबॉम्बच्या यादीतून हे शहर अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी काढायला लावलं, नाहीतर आज इथे काय उरलं असतं कोण जाणे. चालणाऱ्यांना एक सांगतो, नाडीचे बूट घालू नका. देवळात घटकेघटकेला बूट काढावे लागतात आणि आपल्या वयाला दर वेळी वाकणं काही खरं नाही. मोजे मात्र न फाटलेले हवेत. खिशात एक रिकामी पिशवी ठेवा, कारण कचऱ्याचा डबा मैलभर दिसत नाही आणि तरी रस्त्यावर कागदाचा कपटा नसतो. हे बघून मी सारखा म्हणत होतो, माणसं असावीत तर अशी.

कामो नदीचा पूल ओलांडला की उजवीकडे सान्जुसान्गेन्दो लागतं. १२० मीटर लांबीची एकच लाकडी इमारत आणि आत करुणेच्या देवतेच्या, कान्नोनच्या, १००१ मूर्ती. त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता ओळीने उभ्या आहेत, त्या बहुतेक आपल्याकडच्या. इंद्र, ब्रह्मा, नारायण, सरस्वती. गरुड तर चोचीशी बासरी धरून उभा, एक पाय ताल धरल्यासारखा उचललेला. मी त्याच्यापुढून हलेना. फोटो काढायला बंदी आहे, तेच बरं. त्यामुळे माणूस निदान बघतो तरी.

तिथून उत्तरेला, राष्ट्रीय संग्रहालयाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला एक दगडी तट लागला. एकेक धोंडा असा की तो कसा ओढून आणला असेल याचा हिशेब करत मी दोन्ही हात टेकून उभा राहिलो. हा तट होकोजी देवळाचा. तोयोतोमी हिदेयोशीने इथे नाराच्या बुद्धाहून मोठा बुद्ध बसवला होता. त्यासाठी खिळे लागणार म्हणून १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा करायचा हुकूम काढला. पुण्याचं पुण्य, आणि बंड करायला कुणाकडे हत्यार उरत नाही. १५९६ च्या भूकंपात तो बुद्ध कोसळला.

तटाच्या आत आता हिदेयोशीचंच देऊळ आहे, तोयोकुनी. हा माणूस खालच्या दर्जाच्या शिपायाच्या घरी जन्मला, नोबुनागा नावाच्या सरदाराच्या पदरी चाकरीला लागला आणि अखेर सगळ्या जपानचा धनी झाला. त्यामुळे बढती हवी असलेले लोक इथे येतात. त्याचं निशाण तुंबा, म्हणून नवसाच्या लाकडी पाट्याही तुंब्याच्या आकाराच्या. सूट घातलेला एक तरुण त्यावर बारीक अक्षरात काही लिहीत होता. मला ती गोष्ट आवडली. घराण्याचं नाव नसताना वर आलेल्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे. पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याच्यासाठी तुंब्याचा एक ताईत घेतला. शेजारच्या आवारातली ८२ टनांची घंटाही बघून घेतली. १६१४ मध्ये तिच्यावर कोरलेल्या मजकुरात आपल्या इएयासुचं नाव मधोमध तोडलंय, हा शाप आहे, असा कांगावा हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याने केला आणि पुढच्या वर्षी ओसाकाचा किल्ला पाडून हिदेयोशीचा वंश बुडवला. ती अक्षरं आज पांढऱ्या रंगाने ठळक करून ठेवली आहेत. भांडण उकरायचंच असलं की निमित्त कुठलंही चालतं.

देवळाच्या कमानीतून बाहेर पडून सरळ पश्चिमेला चालायला लागलो. शंभर-दीडशे पावलांवर, घरांच्या मध्येच, दुमजली घराच्या उंचीची गवताळ टेकडी. माथ्यावर दगडी स्तूप, खाली चौकोन, वर गोल, त्यावर छपरासारखं आणि आणखी दोन आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पंचमहाभूतं ओळखू आली म्हणून खूश झालो आणि फलकावर मोबाइल धरला.

त्या टेकडीत नाकं आहेत. माणसांची. कोरियातल्या माणसांची.

हिदेयोशीने १५९२ मध्ये कोरियावर फौजा पाठवल्या, १५९७ मध्ये पुन्हा पाठवल्या. किती शत्रू मारले याचा पुरावा म्हणून मुंडकी आणायची रीत होती, पण समुद्रापलीकडून मुंडकी आणायची म्हणजे वजन आणि जागा. म्हणून नाकं. लोणच्याला कैऱ्या मुरवाव्यात तशी ती मिठात घालून पिंपांतून इकडे पाठवली. मी घरी आल्यावर यावर मिळेल ते वाचलं. सरदारांना नाकांच्या पावत्या मिळत. अमुक सरदाराकडून अमुक इतकी नाकं मोजून मिळाली, तारीख, सही. त्यातल्या काही पावत्या आजही आहेत. सरकारी नोकरीत मी सिमेंटच्या गोण्यांच्या पावत्या आयुष्यभर तपासल्या, म्हणून असेल, पण मला तलवारीपेक्षा त्या पावतीचं भय वाटलं. कुणीतरी बसून मोजत होता. कुणीतरी आकडा खोडून दुरुस्त केला असेल. आणि नाकाला काय, ते शिपायाचं की शेतकऱ्याचं, बाईचं की पोराचं, कोण सांगणार? आकडा भरायचा म्हटल्यावर साध्या गावकऱ्यांचीही कापली गेली. निदान ३८ हजार, असा आकडा नेहमी दिला जातो. नाव मात्र मिमिझुका, म्हणजे कानांची टेकडी. नाक म्हणणं फार क्रूर वाटतं म्हणून पुढे एका पंडिताने कान केलं म्हणतात. म्हणजे कान कापले असते तर चाललं असतं!

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच. टेकडी उभारल्यावर हिदेयोशीने भिक्षू बोलावून मृतांसाठी प्रार्थना करवली. हे औदार्य की प्रदर्शन, मला अजून ठरवता आलेलं नाही. टेकडीभोवतीच्या दगडी कुंपणाच्या खांबांवर नावं कोरलेली आहेत, ती १९१५ मध्ये देणग्या देणाऱ्या काबुकी नटांची. शेजारी मुलांचा घसरगुंडीचा छोटा बगीचा. आणि समोर, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बढती देणारा देव.

तेवढ्यात एक कोरियन ग्रुप आला. आमच्यासारखाच, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पुढे झेंडी धरलेली बाई. ती बाई चांगली वीस मिनिटं बोलली आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही. त्यांच्या कार्यक्रमात ही जागा आहे, आमच्यात नाही. मान्य आहे, नाकं त्यांची होती. पण हिरोशिमा आमचं होतं का? तिथे आम्ही अर्धा दिवस काढला, बायका रडल्या, मीही डोळे पुसले. तिथल्या बॉम्बमध्ये मेलेल्या कोरियनांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांती उद्यानाच्या बाहेर, आणि आत यायला १९९९ उजाडलं, हेही मला नंतरच कळलं. तेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. एक गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, चारशे वर्षं झाली. आणि आपल्याकडे काय कमी झालं?" दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, पनीर खाताना नको. टूर मॅनेजरने मात्र फोनवर नकाशा उघडून जागा बघितली. "सर, बस पार्किंग नाहीये तिथे," म्हणाला. काका म्हणायचं सोडून तो सरवर आला तेव्हाच मी ओळखलं, फॉर्ममध्ये तक्रार लिहिणार असं त्याला वाटलंय. लिहिली नाही. काय लिहिणार?

ती नाकं कोरियाला परत द्यावीत अशी मागणी आहे. क्योतोत असताना मी तावातावाने म्हणालो असतो, द्याच. आता वाटतं, चारशे वर्षांनी त्या मातीत नाक कुठलं आणि माती कुठली हे कोण निवडणार? तशीच राहू दे टेकडी, दिसत तरी राहील. मग पुन्हा वाटतं, आपल्या घरातलं कुणी तिथे असतं तर असं म्हणालो असतो का?

राहता राहिला तो ताईत. फेकवेना, आणि देववेनाही. शेवटी पुतण्याला समोर बसवून सगळं सांगितलं, पावत्यांसकट, आणि म्हटलं, आता घे नाहीतर नको घेऊस. तो थोडा वेळ ताईत उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "काका, प्रीलिम झालीय. मेन्सपर्यंत राहू दे."