पाटण्याच्या मातीतले शहामृग

हिमयुगाचा धडा आला की वर्गात हमखास प्रश्न यायचा: आपल्या रणरणत्या खानदेशाचा बर्फाशी काय संबंध? म्हणून एका हिवाळ्यात मी नववीची मुले चाळीसगावहून पाटण्याला नेली. पाटणादेवीचे दर्शन झाले आणि आम्ही थेट ओढ्यात उतरलो.

ओढ्याने कापलेली दरड समोर उभी होती. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, त्यात पांढरे, ओबडधोबड खडे. एका मुलीने खडा फोडला. त्यावर मी सौम्य आम्लाचा थेंब सोडला, तसा चरचर फेस आला.

"हाई काय शे, सर?"

चुनखडी. पाऊस बेताचा असला की पाण्यात विरघळलेला चुना वाहून जात नाही, मातीतच साकळतो. हा खडा म्हणजे कोरड्या हवेची खूण.

पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना १९७०च्या दशकात इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली आहे. वय सुमारे २५,००० वर्षे. शहामृग म्हणजे उघडी, गवताळ माळराने आली. हे सांगताच मुले आपल्याच शिवाराकडे नव्याने पाहू लागली.

तेव्हा पृथ्वीवर हिमयुग होते; थंडीने मान्सून दुबळा झाला होता, म्हणून बर्फ नसूनही खानदेश कोरडा पडला. विषुववृत्ताजवळच्या आंदीज आणि र्‍वेंझोरी पर्वतांवरही हिमनद्या आजच्यापेक्षा कितीतरी खाली उतरल्या होत्या. हिमनदी खडक दळते आणि ते बारीक पीठ पायथ्याच्या तळ्यात जाऊन बसते. ती मागे हटली की पीठ घटते, गाळात वनस्पतींचा अंश वाढतो. तळ्यात नळी ठोकून काढलेल्या गाळात हा बदल थरागणिक दिसतो. पाल्यापाचोळ्यातल्या कार्बन-१४ वरून त्याचे वय निघते. आपल्या लोणारच्या सरोवरातूनही असाच सुमारे दहा मीटर गाळ काढला गेला. तळे आटत गेले की बनणाऱ्या गेलुसाइट खनिजाचे त्यातले स्फटिक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची साक्ष देतात.

मुलांनी टेपने थर मोजले, रंग लिहिले, आकृती काढली. खानदेशात अशा दरडी विटांसाठी, सपाटीकरणासाठी रोज खोदल्या जातात. थर एकदा कालवले गेले की त्यांचा क्रम कुणालाच लावता येत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या नाल्याची दरड एकदा तरी मोजून वहीत उतरवावी. पावसाचा इतका जुना हिशेब आपल्याकडे कुणीही लिहून ठेवलेला नाही.