बर्फावरची बोली : एका प्रवासिनीच्या दैनंदिनीचा पुढचा भाग

सोमवार, क्राइस्टचर्च
बस 4 डॉलर, कॉफी-सँडविच 19. अंटार्क्टिकाचे कपडे मिळाले : 'बिग रेड' नावाचा लाल पार्का आणि पांढरे फुगीर 'बनी बूट'. बूट चावतात.

मंगळवार
पहाटे उठून विमानात बसली. अर्ध्या वाटेवर कळलं, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर हवा बिघडली, विमान माघारी. असं परतलं की 'बूमरँग' झालं म्हणायचं. पुन्हा खोलीचं भाडं. बूट चावतात.

बुधवार
उड्डाण रद्द. कॉफी 6 डॉलर. कुणाशी बोलली नाही.

शुक्रवार, मॅकमर्डो
सी-17 विमानाने पाच तास. धावपट्टीवरून आणणाऱ्या जुन्या अवजड बसचं नाव 'आयव्हन द टेरा बस' होतं.

जेवताना समोर बसला भांडी घासणारा एक गडी. अनेक हंगाम इथे काढलेला, त्यामुळे वस्तीची सगळी प्रतवारी त्याला तोंडपाठ. शास्त्रज्ञ तेवढे 'बीकर'. नवखा तो 'फिंजी'. हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द; त्यातल्या पहिल्या अक्षराची फोड मात्र त्याने जेवणाच्या टेबलावर केली नाही. लोकांनी टाकलेले कपडे, दिवे, पुस्तकं जिथे जमतात ते 'स्कुआ', कारण त्या नावाचा इथला पक्षी दुसऱ्याचा घास पळवतो. तिचे हातमोजे पातळ दिसले, तसा तो उठला आणि तिला थेट तिकडे घेऊन गेला. जाड जोडी मिळाली, फुकट. वाटेत 'टोस्ट'ची ओळख झाली : हिवाळा काढून विसराळू, शून्यात बघत बसणारा माणूस. थंडीत थायरॉइडच्या टी-3 संप्रेरकाचं गणित बिघडतं, हे त्याचं एक कारण मानतात.

शनिवार
'कंडिशन वन'. वारा 55 नॉट्सच्या वर, दृश्यता 100 फुटांच्या आत किंवा वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे 100 फॅरनहाइटखाली : यांतलं एकही पुरे. इमारतीबाहेर पाऊल टाकायला बंदी. खर्च शून्य, चिडचिड भरपूर.

मंगळवार, दक्षिण ध्रुव
उंची 2,835 मीटर. 'बिअर कॅन'चा, म्हणजे पत्र्याच्या गोल मनोऱ्यातला जिना चढताना तीनदा बसली. डोकं ठणकतंय. अंघोळ आठवड्यातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, पाणी 'रॉडवेल'चं. गरम पाणी सोडून खोल बर्फात केलेली ती विहीर.

शुक्रवार
'फ्रेशी', म्हणजे ताजी फळं-भाज्या, आली. गॅलीत, म्हणजे भोजनगृहात, बीकरांच्या मागे उभी राहिली, तोवर काकडी संपली. स्कुआतून मोजे आणले. उद्या 'हाऊस माउस', म्हणजे सफाईची पाळी. तिच्या वाट्याला संडास.